झाकलेला सूर्य आणि आमची विहीण

आमच्या नात्यात सगळे म्हणतात, तेव्हा काही झालंच नाही, म्हातारा उगाच तापतो. म्हणून लिहून ठेवतोय.

मी चौथी शिकलेला. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारून मुलीला एम.एस्सी. केलं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तिला मुंबईत एका संशोधन संस्थेत काम लागलं. काम काय, तर सूर्यावरचे स्फोट बघायचे. दुर्बीण वर अवकाशात, आणि तिने काढलेले फोटो हिच्या कॉम्प्युटरवर. स्फोटातून निघालेला लोट कुठल्या बाजूला, किती वेगाने चाललाय, हे ही शोधून काढायची. असा लोट पृथ्वीकडे आला तर उपग्रहसुद्धा बिघडतात, हे तिनेच मला सांगितलं. मी ते कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. ऐकायचं नव्हतं त्यांनाही सांगितलं.

लग्न होऊन ती सिल्व्हर पार्कला सासरी गेली. पोटुशी असतानाही कामावर जायची, कोणाची हरकत नव्हती. एका रविवारी तिने हौसेने सासूला एक फोटो दाखवला. मध्ये काळी तबकडी, भोवती पांढरे लोट उसळलेले.

"सूर्य कुठाय?" सासूने विचारलं.

"तबकडीमागे. त्याच्या उजेडात हे लोट दिसत नाहीत, म्हणून दुर्बिणीतच त्याला झाकतात. समजा, ग्रहणच लावतात."

झालं! पोटुशी सून रोज ग्रहण बघते! सासूने तिचं कामावर जाणं बंद केलं, आणि समजूत घालायला बोलावलं कोणाला? मला.

"व्याहीबुवा, तुम्हीच सांगा तिला," विहीण म्हणाली. "समोरची भाभीपण म्हणाली, ग्रहण मतलब ग्रहण."

"भाभीचं सोडा. आपण दीक्षा घेतली ना? माझ्या बापाने घरातले देव नदीत सोडले, तेव्हा ग्रहणही त्यांच्याबरोबर गेलं."

"ते खरंय हो. पण बाळाच्या बाबतीत रिस्क कशाला?"

"कसली रिस्क? खिडकीतून बघा, सूर्य उघडा आहे! मी पातेल्यावर झाकण ठेवलं तर त्यालाही ग्रहण म्हणाल?"

"चढवा, अजून आवाज चढवा. पोटातलं पोर ऐकतंय."

व्याही पेपरात तोंड घालून बसलेले. जावई पंख्याकडे बघतोय. ग्रॅज्युएट माणूस! आणि हे सगळं बुद्धाच्या फोटोखाली.

मी उठलो. "बाय, पिशवी भर. बाळंतपणाला यायचीच आहेस, आत्ताच चल. कामावर तिथून जा."

मुलगी उठली नाही. शांतपणे सासूला म्हणाली, "आई, तिथेच दुसरी एक दुर्बीण आहे, ती सूर्य उघडाच बघते. त्याच्या अंगावरच्या ज्वाळा दिसतात तिच्यात. ते काम मी मागून घेते. झाकलेला सूर्य दुसरी मुलगी बघेल. चालेल?"

"उघडा असेल तर चालेल," विहीण म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मी तो चहा घेतला नाही. मुलगी रिक्षापर्यंत सोडायला आली.

"लोटांचं काम तुझं होतं. अर्ध्यावर दुसरीच्या हातात का दिलंस?"

"बाबा, तुमच्याबरोबर आले असते तर काम राहिलं असतं, घर गेलं असतं. मला दोन्ही हवंय."

"म्हणजे ती जिंकली."

"जिंकू दे. उद्या सकाळी मी कामावर जातेय ना?"

गेली, ते खरं. पण त्या लोटांवरचा लेख छापून आला, तो त्या दुसऱ्या मुलीच्या नावाने. त्याच सुमारास आम्हाला नात झाली, धडधाकट. विहीण बर्फीचा डबा घेऊन आली, सगळ्यांसमोर म्हणाली, "बघा, पाळलं म्हणून नीट पार पडलं."

नात माझ्या मांडीवर झोपली होती, म्हणून आवाज चढवला नाही. डबा मात्र न उघडता परत तिच्या हातात दिला.