तीन शिंगांच्या जनावराची खांदेमळणी

अंगदच्या घरी चहाला जाणार असाल तर एक पथ्य पाळा. बैठकीतल्या काचेच्या कपाटाकडं बोट दाखवून “ही कसली खेळणी?” असं विचारू नका. माणूस गरीब आहे, बायकोवर कधी आवाज चढवला नाही, नोकरीत वीस वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या कपाटातल्या डायनासोरांना खेळणी म्हटलं की त्याचं तोंड उतरतं, आणि मग चहाचं पाणी होईपर्यंत तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं.

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत तो फील्डवर असतो. काम एकच, भेसळ काढायची. अंबडकडं, अंकुशनगरकडं शेतकऱ्यांनी कंपनीसाठी कपाशीचे प्लॉट लावलेले असतात. त्यात हजार झाडांमागं एखादं परक्या जातीचं निघतं. पान जरा रुंद, फूल जरा फिकं, फरक एवढाच. ते ओळखायचं आणि उपटून बांधावर फेकायचं, नाहीतर अख्ख्या प्लॉटचं बियाणं नापास. शेतकरी म्हणतो, “साहेब, चांगलं झाड हाय की.” चांगलं असेल बाबा, पण ते आपलं नाही. वीस वर्षं हेच केल्यावर डोळ्याला खोड लागते. लग्नाच्या पंगतीत बसला तरी हा आधी वाढप्याच्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण बघणार.

डायनासोरांचं लचांड मुलीमुळं मागं लागलं. अर्पिता आता पुण्यात शिकायला आहे. ती पाचवीत असताना शाळेत न्यायला म्हणून त्यानं मस्तगडच्या एका दुकानातून प्लास्टिकचा हिरवा डायनासोर आणला. शेपूट जमिनीवर लोळतंय, पुढचे हात सशासारखे लोंबताहेत. अंगदला ते खटकलं. का खटकलं ते सांगता येईना. मोबाइलवर शोधलं तर कळलं की हे ध्यान साफ चुकलेलं आहे. शेपूट वर, ताठ हवं. हातांचे तळवे टाळी वाजवताना असतात तसे आमनेसामने हवेत. पोरगी शाळेतून आली, तिला काय, विसरली. बाप मात्र अडकला तो अडकलाच.

पुढं त्याला समजलं की शास्त्रज्ञांना विचारून, हाडं मोजून, कातडीच्या ठशांवरून खवला न् खवला बसवलेल्या मूर्ती मिळतात. परदेशातून मागवायच्या आणि महिने महिने वाट बघायची. कपाट भरत गेलं. आणि कपाटाबरोबर त्याचा गोंधळही वाढत गेला.

कारण हे शास्त्र एका जागी बसत नाही हो. यानं पिसांशिवायचा एक आणला, तर असल्या मूर्ती जमवणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमधला कोइमतूरचा एक जण म्हणाला, याला पिसं होती. पिसांचा आणला. मोठ्या मांसाहारी जनावराचा बाहेर आलेल्या दातांचा आणला, तर नवा अभ्यास निघाला, दात ओठांनी झाकलेले असावेत. लगेच दुसऱ्यानं लिहिलं, ते अजून पक्कं नाही. पाठीवर शीड असलेल्याचं तर विचारूच नका. त्याचे पाय एका वर्षी आखूड झाले, सहा वर्षांनी शेपटी वल्ह्यासारखी झाली. अंगदनं तीन वेळा बदलला. जो चुकीचा ठरला तो कपाटातून काढायचा आणि दिवाणाखालच्या खोक्यात टाकायचा. त्या खोक्यावर त्यानं मार्करनं लिहिलं होतं, ‘भेसळ’. कपाशीचं बरं असतं, कंपनी सांगते झाड कसं पाहिजे ते. इथं सांगणारा कोण? कोट्यवधी वर्षांमागं मेलेलं जनावर, कुणी बघितलेलं नाही, आणि हा जालन्यात बसून ठरवणार ते बराबर उभं आहे की नाही.

वंदना, म्हणजे त्याची बायको, एकदा सहज म्हणाली, “अहो, पण बराबर असून उपयोग काय?”

तो कपाटाची काच पुसत राहिला. खरं सांगायचं तर ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता त्याचे वडील, रामराव. सारे त्यांना अण्णा म्हणतात, सून म्हणून वंदना तेवढी मामा. अंबड तालुक्यात गावाकडं शेती, गोठ्यात हौश्या आणि बाळ्या अशी बैलजोडी. बाजारात उभ्या बैलाचा खुराचा ठसा बघून अण्णा सांगायचे की हा वखराला चालेल का गाडीला. मागच्या श्रावणात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर जालन्यात अंगदकडं होते, डोळ्याला पट्टी. त्या आठवड्यात अंगद गावी गेला आणि त्यानं बैल विकून टाकले. शेत वाट्यानं दिलेलं, मशागत ट्रॅक्टरनं होते, अण्णांचं वय झालेलं, गडी मिळत नाही. सगळं बराबर होतं. कुणालाही विचारा, बराबरच होतं. चूक एकच झाली, पोळा आठ दिवसांवर होता.

परक्या माणसाला यातलं काही उमगायचं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद आणि तूप लावून मळायचे आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते झाल्याशिवाय शेतकऱ्याचं वर्ष फिटत नाही. अंगद शेतकऱ्याचाच पोरगा, त्याला हे माहीत नव्हतं असं थोडंच? पण गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि तारीख त्याच्या डोक्यातच आली नाही.

गावाकडून कानावर आलंच होतं, अण्णांनी पट्टी निघाल्यावर फक्त विचारलं, “गेले का?” अंगद म्हणाला, “गेले.” बस्स. त्यानंतर अण्णा इथंच राहिले, पण वर्षभरात पोराशी सरळ बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी असेल तरी वंदनाला सांगायचे. अंगदला वाटायचं, ओरडून घ्यावं एकदा, शिव्या द्याव्यात. पण अण्णा नुसते काचेच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे, नव्या डोळ्यानं त्या जनावरांकडं तासन् तास बघायचे. ते चिडले आहेत, खचले आहेत की त्यांना डायनासोर आवडायला लागलेत, काही पत्ता लागायचा नाही.

यंदाचा पोळा जवळ आला तसं अण्णांनी वंदनाला सांगितलं, “पोळ्याला मी इथं थांबणार न्हाई. गावाकडं जातो. मंग तिकडंच राहीन म्हणतो.”

“मामा, तिकडं कोण हाय? गोठा रिकामा पडलाय,” वंदना म्हणाली.

“रिकामा का असंना,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी पिशवी भरून दारामागं ठेवली.

एकटा म्हातारा, वर्षापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेला, रिकाम्या गोठ्यासमोर बसून राहणार. समजूत घालावी तर बोलणं नाही. मग अंगदनं शहरातला माणूस करतो तेच केलं, बाजारातून मातीच्या बैलांची जोडी आणली, चांगली रंगवलेली, गळ्यात खोट्या घुंगरांची. देव्हाऱ्यापुढं ठेवली. अण्णांनी एक बैल उचलला, अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिला. पिशवी दारामागं होती तशीच राहिली.

त्याच आठवड्यात अंगदचं सात महिने वाट बघितलेलं पार्सल आलं. तीन शिंगांचं जनावर, गळ्यामागं ढालीसारखी झालर, सगळ्यात नव्या अभ्यासाप्रमाणं. मोठे खवले, तीनच बोटांवर भार घेतलेले पुढचे पाय, कोपर जरासं बाहेर, डोक्याच्या वजनानं पुढं झुकलेली छाती. असा शुद्ध नमुना ग्रुपमध्ये अजून कुणाकडं नव्हता. कोइमतूरवाल्यानं दोनदा विचारलं, फोटो कधी टाकता? अंगदनं लिहिलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्धी सुट्टी आहे, तेव्हा उजेडात काढतो.

त्या दिवशी तो चारच्या सुमाराला घरी आला. गाडी लावली, कंपनीचं दप्तर दिवाणावर टाकलं आणि बघतो तर कपाटाचं दार उघडं. ते जनावर मागच्या अंगणात पाटावर उभं. शेजारी गरम पाण्याचा तांब्या, वाटीत कालवलेली हळद आणि तूप. अण्णा उकिडवे बसून दोन बोटांनी त्याचे खांदे मळत होते. खवल्यांच्या फटीफटीत पिवळं गेलेलं.

अंगद उंबऱ्यातच थांबला. डोक्यात एकाच वेळी चार गोष्टी आल्या. हळद निघणार नाही. अण्णांना भ्रम तर झाला नाही ना? की आपली थट्टा करताहेत? तू माझी जनावरं घालवली, घे, मी तुझं रंगवतो, असा डाव तर नसेल? वंदना स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिनं मान हलवली, म्हणजे तिलाही ठाऊक नव्हतं.

“अण्णा, हे काय करून राह्यले?” तो म्हणाला.

अण्णांनी वर बघितलं नाही. पण उत्तर त्यालाच दिलं, वर्षानंतर पहिल्यांदा. “तू आणलेल्या त्या मातीच्या बैलाला खांदाच न्हाई. मानेपसून पाठीपर्यंत सपाट. बोट ठेवावं कुठं? याला हाय बघ. हे हाड, हे मास, इथं ताण आलाय. डोकं जड हाय ना याचं, म्हणून पुढचे पाय जरा फाकवलेत. ज्यानं केलं त्यानं जनावर बघितलेलं हाय.”

“बघितलेलं न्हाई अण्णा. कुणीच बघितलेलं न्हाई. हाडांवरून केलंय.”

“मंग त्याला हाडं कळत्यात,” अण्णा म्हणाले. “तिसरं शिंग कशाला दिलं तेवढं न्हाई समजलं. असू दे. जोडी कुठं हाय याची?”

“जोडी न्हाई. एकच आहे.”

“एकट्याचे खांदे मळतेत का कुठं?”

अंगद वळला. तो आत गेला, दिवाणाखालचं खोकं ओढलं. तळाशी जुनं तीन शिंगांचं होतं, सहा वर्षांपूर्वी बाद केलेलं. पाय खांबासारखे सरळ, शेपूट जमिनीला टेकलेलं. ते हातात घेऊन बाहेर येताना त्याला लाज वाटली. म्हाताऱ्याची नजर, आता हेही परत ठेवून देणार.

अण्णांनी ते पाटावर ठेवलं, मान तिरपी करून बघितलं. “हे उभं राह्यलंय चुकीचं.”

“हो. चूक आहे ते. म्हणून काढून टाकलं होतं.”

“बाळ्यापण मागल्या पायात फेंगडा होता,” अण्णा म्हणाले. “त्याचे खांदे मी दरसाल मळले.”

वर्षभरात बैलाचं नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं. अण्णांनी वाटी अंगदच्या पुढं सरकवली. “घे. याचे तू मळ. इकले तू, तसेच गेले दोघं. न शेकलेले, न मळलेले. मी हजार येळा मळून काय उपयोग?”

अंगद खाली बसला. हळदीत बोट बुडवलं. त्या चुकलेल्या जनावराला खांदा असा नव्हताच, नुसता प्लास्टिकचा फुगवटा. तरी तो मळत राहिला. काय मळतोय, कुणाला मळतोय, हे खरं का खोटं, काही उमजत नव्हतं, आणि हात मात्र लहानपणी शिकवल्यासारखा बराबर खालून वर जात होता.

“अण्णा, चुकलं माझं,” तो म्हणाला.

“मला काय सांगतो,” अण्णा म्हणाले. “त्याला सांग.”

अंगदनं तोंड त्या झालरीपाशी नेलं, तिथं कान असेल असं धरून. “बाळ्या, चुकलं माझं,” तो म्हणाला. मग जे म्हणायचं असतं ते म्हणाला, “आज आवतण घ्या.” पुढचं येईना. उद्या जेवायला या, असं कुणाला म्हणायचं? कुठल्या गोठ्यातून यायचं त्यांनी? तो थांबला.

शेवटी अण्णांनीच ते पूर्ण केलं, पण जनावरांकडं न बघता, पोराकडं बघून. “उद्या जेवायला या,” ते म्हणाले. मग धोतराला हात पुसत उठले आणि आत बघून म्हणाले, “वंदना, ती दारामागची पिशवी आत नेऊन ठेव. पायात येऊन राह्यली.”