वऱ्हाडी बोलणं, स्पॅनिश साहेब आणि माझी घाई

अमेरिकेत लढाई जुंपली आणि कापसासाठी सगळे वऱ्हाडाकडे धावले, तसा माझा साहेबही धावला. तो बार्सिलोनाचा. त्याच्या मुंबईच्या कचेरीत कारकुनी करताना मी त्याची स्पॅनिश शिकलो होतो, म्हणून दुभाष्या म्हणून मला बरोबर घेतलं. काम जमलं तर ही जागा कायमची, नाहीतर पुन्हा कागदांच्या नकला उतरवणं.

भुसावळपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. कोणी जाणार असाल तर पाण्याची घागर बरोबर ठेवा, बाळापूरच्या बाजूला विहिरी खाऱ्या लागतात. गाडीत साहेब शिकवणी घेई. "काय केलं ते सांगतोस, कसं केलं ते गाळतोस," ही त्याची तक्रार. त्यांच्याकडे गुण सांगणाऱ्या शब्दाच्या स्त्रीलिंगी रूपाला 'मेंते' जोडतात: लेंता म्हणजे संथ, लेंतामेंते म्हणजे संथपणे. आमचे बैल अकोल्यापर्यंत लेंतामेंतेच चालले. मला त्या मेंतेचा नादच लागला.

अमरावतीजवळ महादजी नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात कापसाचा पांढराशुभ्र ढीग होता. साहेब तासभर धागा ओढून पाहत बसला. शेवटी महादजी म्हणाले, "घ्याचा असन तं घ्या, नायी तं उठा. कायले दिवसाची माती करून राहिले?"

माझं पुणेरी डोकं फिरलं. कसं म्हणाला, साहेबाने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "ग्रोसेरामेंते." म्हणजे उद्धटपणे. साहेब उठून चालू लागला.

दोन दिवस बाजारात आणि लोकांच्या ओसऱ्यांवर हिंडलो. तिथे भाऊ भावाशी, सासरा जावयाशी तसाच बोलत होता, आणि बोलता बोलता त्याच्या ताटात वाढतही होता. मला फार लाज वाटली.

परतताना महादजींनीच रस्त्यावर गाडी थांबवली. "कावून उठून गेले होते, बाप्पा? जेवाचं तं राह्यलंच. कापूस गेला, पन भरीत हाय. बसा."

गप्प राहिलो असतो तर दोष त्यांच्यावर राहिला असता आणि माझी जागा वाचली असती. पानावर बसल्यावर मी साहेबाला म्हणालो, "त्या दिवशी हे फ्रांकामेंते बोलले होते. मोकळेपणाने. चूक माझी." साहेबाने मान खाली घालून दोन भाकरी खाल्ल्या आणि महादजींना हात जोडले. माझ्याशी मात्र मुंबईपर्यंत बोलला नाही.

आता मी पुन्हा नकला उतरवतो. जागा गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण महादजी कसे बोलतात ते साहेबाला कळलं. दुभाष्या म्हणून मी नीट पोचवलेलं तेवढं एकच वाक्य, आणि त्याच वाक्याने माझी जागा घालवली.