दोन देशांची चॉकलेटं आणि शेवंताकाकूंचं नाक

शेवंताकाकूंचं नाव आधी लिहितो. पुढे जे घडलं त्यात माझी नोकरी राहिली ती त्यांच्यामुळे. दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीजवळच्या आमच्या खव्याच्या युनिटमध्ये त्या सगळ्यात जुन्या. रोज सकाळी गेटवर दुधाचे कॅन आले की काकू एकेका उघड्या कॅनवर वाकायच्या. त्यांनी मान हलवली की कॅन आत, नाहीतर परत. दूध घालणारे गावभर भांडतील, पण काकूंच्या नाकाशी हुज्जत घालत नसत.

तर एप्रिलमधली दुपार. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एका खोक्यासमोर उकिडवा बसलो होतो. खोक्यातल्या अमेरिकन चॉकलेटच्या लाद्या वितळून कागदाबाहेर आल्या होत्या. उद्या येणारं गिऱ्हाईक आजच तीन वाजता पोचतंय, असा निरोप नुकताच आला होता. आणि खोकं बाहेर ठेवलं होतं मीच.

मी मूळचा दोडामार्गाकडचा. शाळा आठवीत सुटली. गोव्यात काजूच्या एका छोट्या कारखान्यात काजू चॉकलेटमध्ये बुडवायचं काम केलं, तेवढ्यावर अण्णांनी, म्हणजे इथल्या मालकांनी, मला बोलावलं. चॉकलेटचा पेढा काढायचा होता. ‘सगळं येतं ना?’ असं त्यांनी फोनवर विचारलं. मी हो म्हणालो. खरं म्हणजे मला फक्त कंपाउंड यायचं. कंपाउंड म्हणजे कोको बटरऐवजी स्वस्त वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट. वितळवा, बुडवा, वाळवा, झालं. खरं चॉकलेट मी तोवर चाखलंही नव्हतं. आई मात्र गावात सांगत होती, मुलगा चॉकलेट कंपनीत लागला.

येणारं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचा एक व्यापारी. त्याला परदेशातल्या मराठी लोकांना पेढे पाठवायचे होते. अमेरिकेसाठी अमेरिकेचं चॉकलेट, युरोपसाठी बेल्जियमचं. दोन्ही खोकी त्यानेच पाठवली होती. मी सकाळी कोल्ड रूममध्ये दोन्हीचा तुकडा मोडला. बेल्जियमचा जिभेवर सावकाश विरघळला. आधी दूध, मग कोकोचा कडूपणा, आणि तो बराच वेळ मागे राहिला. अर्धा तुकडा मी खिशात ठेवला. हे कसं लागतं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगण्यासारखं तिथं माझं कुणी नव्हतं.

मग अमेरिकेचा. आधी नुसती साखर, दाताला थोडी रवाळ, आणि घशात मागून आंबूस वास. तान्हं बाळ दूध ओकतं ना, तसा. कोल्ड रूमच्या दारावर अण्णांनी लाल रंगात लिहून ठेवलंय: वास आला की माल बाहेर, विचारायचं नंतर. खव्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे. एक घाणा बिघडला की शेजारचाही वास धरतो. मी खोकं उचलून शेडमध्ये ठेवलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला चॉकलेटातलं काही कळत नाही हे उघडं पडलं असतं.

काकू पाणी प्यायला मागे आल्या तेव्हा मी तसाच बसलेलो.

“काय झालं रं लेकरा?”

सांगितलं. त्यांनी खोक्यावर वाकून वास घेतला. मग तीन वेगवेगळ्या लाद्यांना बोट लावून चाटलं.

“न्हाय बिघडलं.”

“काकू, वास येतोय की.”

“येतोय. पर दूध बिघडतंय ते कुठं कमी, कुठं जास्ती. हे तिन्हीत सारखंच हाय. कुणीतरी मुद्दाम केलंय. तिकडं असंच खात असतील.”

तेवढ्यात अण्णा आले. खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“कोकण्या, तिकडं मासं पवतेत, इथं चॉकलेट पवाय लावलंस व्हय? कुणी काढलं हे बाहेर?”

खोलीवरची वळकटी, पिशवी, परतीची एसटी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

“म्या,” काकू म्हणाल्या. “मला वास आला.”

अण्णा त्यांच्यावर कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाले, “काकू, नाक थकलं आता तुमचं.”

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

व्यापारी तीनला आला. खोकं बघून हसला. म्हणाला, “माल गेला नाही, रूप गेलं.” अमेरिकेत खूप खपणाऱ्या काही चॉकलेटांचं दूध आधीच थोडं आंबट होऊ देतात, जुन्या लोण्याला येतो तो वास त्यातून येतो. तिथल्या पोरांना त्याशिवाय चॉकलेट खाल्ल्यासारखं वाटत नाही. युरोपात कोको जास्त, साखर बेताची आणि घोटणं लांबलचक, म्हणून ते रवाळ लागत नाही. आपण खवा घोटतो तसंच, मला वाटलं. मग त्याने टेम्परिंग दाखवलं. चॉकलेट वितळवायचं, ठरलेल्या अंशापर्यंत निववायचं, पुन्हा किंचित गरम करायचं. तसं केलं की चमक परत येते आणि तुकडा कटकन मोडतो. संध्याकाळपर्यंत दोन्ही पेढे त्याला पसंत पडले.

दुसऱ्या दिवशी गेटवर काकू वाकल्या नाहीत. अण्णांनी कॅन तपासायला मशीन मागवलं होतं, आणि ते येईपर्यंत स्वतः उभे राहिले. काकूंना कढईवर पाठवलं. मी त्यांना म्हणालो, “मी सांगतो अण्णांना.” त्या म्हणाल्या, “गप काम शिक आधी. मला घर हाय इथं. तुला कोण हाय?” डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवून त्या कढईकडे गेल्या.

मी काम शिकलो. आता चॉकलेटचा विभाग माझ्याकडे आहे. मशीन चांगलं चालतं. पण सकाळी कॅन उघडले की काकू कढईवरूनच मान वर करतात आणि नाक फुगवतात, ते मला माझ्या टेबलावरून दिसतं. मी खाली बघून चॉकलेट ढवळत राहतो.

त्या दिवसातून शिकलो ते एवढंच: वास आला की माल बाहेर काढावा, पण गारव्यात ठेवावा आणि आधी विचारावं. दारावर आता मी तसं लिहून घेतलंय.

उरलेलं, म्हणजे अण्णांना खरं सांगणं, अजून करायचं आहे. हे मासिकात छापून आलं की तो अंक अण्णांच्या टेबलावर ठेवीन. नोकरी राहिली, तर दुसऱ्या सकाळी गेटवरच्या पहिल्या कॅनचं झाकण मी काढीन आणि काकूंना हाक मारीन. नाही राहिली, तरी ती हाक मारूनच एसटीला जाईन.