दंडावरची बेटकुळी

इंग्रजी शब्दांवर मी लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करावं.

आज बुलढाण्याला कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या कोशात ‘मसल’ या शब्दाचं मूळ वाचलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानसा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा वाटतो, म्हणून. आपण त्यालाच बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी. वाचता वाचता मला तागाच्या पोत्यांचा वास आला.

मी सात वर्षांचा असेन. बाबा डोणगावच्या बाजारातून हमाली करून आले, ओट्यावर बसले आणि त्यांनी डावा दंड आवळला.

“दाब बे! पाहू तुह्या अंगात किती जोर हाय.”

मी दोन्ही हातांनी दाबलं. “नाही दबत, बाबा!”

“मंग? हिले दाबणारा अजून पैदा व्हायचा हाय.”

माय चुलीत विटेचा तुकडा तापवत होती. ती हसली नाही.

बाबा नेहमी डावाच दंड दाखवायचे, हे आज माझ्या लक्षात आलं. उजवा खांदा तेव्हाच कामातून गेला होता. ती वीट त्याला शेकायलाच तापत होती.

उंदराची गंमत सांगायला मी दुपारी घरी फोन केला. मायने उचलला. बाबांना दे म्हटलं, तर ती म्हणाली,

“तुही परीक्षा होती म्हणून सांगतलं नाही. दोन महिने झाले, ते घरीच हायेत. आता डावा हातही उचलत नाही त्यायचा. थांब, मीच फोन कानाशी धरते.”