नदीकाठच्यांसाठी प्रार्थना

पत्रकांच्या ताज्या शाईचा वास आला की मला शरणपूरच्या चर्चमधला एक रविवार आठवतो. गोदाकाठच्या झोपड्या नुकत्याच पाडल्या होत्या. त्या लोकांसाठी प्रार्थना म्हणायचं काम माझ्याकडे आलं. चळवळीतल्या पपांची निषेधाची पत्रकं वाचून वाढलेली मी; प्रार्थनेतही ‘तीव्र निषेध’ आणि ‘तात्काळ पुनर्वसन’ लिहिलं.

पाळकसाहेबांनी कागद वाचला. “बेटा, देव काय कलेक्टर आहे? खाली सह्या तेवढ्या राहिल्यात.”

“मग मवाळ लिहू?” मी चिडून विचारलं.

“कशाला? बायबलातले संदेष्टे तुझ्याहून जास्त चिडायचे. त्यांच्या भाषेत बोल.”

प्रार्थनेची वेळ आली तशी मी उभी राहिले. “नदीकाठी रडणाऱ्यांच्या देवा, भावाला मारणाऱ्या काइनाला तू विचारलंस, तसं घरं पाडणाऱ्यांनाही विचार, तुमचा भाऊ कुठे आहे?”

पहिलं आमेन शेवटच्या बाकावरून आलं. तिथे घर गेलेल्या शांताबाई बसल्या होत्या. मग सगळं चर्च आमेन म्हणालं.

तेव्हा मला वाटलं होतं, पाळकसाहेबांनी माझ्या लिखाणाची धार घालवली. आता ते आमेन आठवलं की हसू येतं. इतकं धारदार मी नंतर क्वचितच लिहिलं.

त्या रविवारी चर्चबाहेर शांताबाईंनी माझा हात धरला. “पोरी, ते भावाचं लय बेस बोललीस. उद्या माझ्यासंगं कलेक्टरच्या ऑफिसात चल. तिथल्या साहेबापुढं बी तसंच बोल.”

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि तसंच बोलले.