उपास धरणं, उपास सोडणं

लग्नाला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा मला मुदतीचा ताप आला. केदारखेड्याहून बैलगाडीत निजवून मला जालन्याच्या मिशन दवाखान्यात आणलं म्हणे. मला तो रस्ता आठवत नाही. आठवतं ते छत. उंच, पांढरं. दुपारी त्याच्यावर बाहेरच्या लिंबाच्या सावल्या हलायच्या, आणि मला वाटायचं की मी नदीच्या तळाशी निजले आहे आणि माणसं वर काठावर उभी राहून बोलतायत.

त्या बोलण्यात इंग्रजी शब्द असायचे. मोठी डॉक्टरीण गोरी होती. तिला सगळे मडमबाई म्हणत. ती नर्सशी इंग्रजीत बोलायची आणि ते शब्द माझ्या अंगावरून माशांसारखे सरकत जायचे. त्यातला एक रोज सकाळी यायचा. ब्रेकफास्ट. तो आला की शेजारच्या बायकांना पेज मिळायची, मला मिळायची नाही. त्या तापात तेव्हा अन्न बंदच करायचे. मी नुसती बार्लीच्या पाण्यावर होते.

आमचे मालक जालन्यातच जिनिंगमध्ये कामाला होते. शाळा उर्दूतून झालेली, पण थोडी इंग्रजीही वाचता यायची. एका सकाळी ते आले. केसांत कापसाचे तंतू तसेच. मी विचारलं, "ब्रेकफास्ट म्हंजी काय हो?"

"ब्रेक म्हंजी मोडणं," ते म्हणाले. "अन् फास्ट म्हंजी जल्दी. भाकर जल्दी मोडून खात असतील."

मागं उभी असलेली मडमबाई हसली. तिचं मराठी पुस्तकातलं होतं. "फास्ट म्हणजे उपवाससुद्धा. रात्रीचा उपवास सकाळी मोडायचा, तो ब्रेकफास्ट."

"उपास मोडत न्हाईत, बाई," मी म्हणाले. इतक्या दिवसांत एवढं लांब वाक्य माझ्या तोंडून आलं नव्हतं. "मोडला तर पाप लागतं. उपास सोडतात."

"सोडतात," ती स्वतःशीच म्हणाली.

मालकांना चैन पडेना. "पर मडमबाई, जल्दी अन् उपास, दोन्हीला एकच शब्द कसा?"

"फार जुन्या काळी फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं. मन घट्ट धरून राहायचं, तो उपवास. आणि नेट धरून पळायचं, म्हणून मग जलद."

"आमी बी उपास धरतोच की," मी म्हणाले.

ती माझ्या खाटेच्या कडेला बसलीच. "धरतो," ती म्हणाली, "आणि सोडतो." मग माझ्या कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ तशीच बसली. माझा डोळा लागला.

ताप उतरला त्या सकाळी मडमबाई थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "ब्रेकफास्ट!" माझ्याबरोबर आलेल्या सासूबाई दवाखान्याच्या आवारात तीन दगडांच्या चुलीवर मालकांसाठी रांधायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणे. घरी त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी मी दचकायची. त्या मऊ भाताची वाटी घेऊन आल्या. वाटी माझ्या हातात दिली आणि त्या मटकन खाली बसल्या.

नर्स धावली. मडमबाईनं नाडी धरली. "आज काय खाल्लं?"

"न्हाई खाल्लं," आत्याबाई म्हणाल्या. "लेकरू उपाशी. मंग माह्या घशाखाली भाकर कशी उतरंल? घोटभर दूध घेत व्हते."

मी पडल्यापासून त्यांनी अन्न सोडलं होतं, आणि मालकांनाही त्याचा पत्ता नव्हता. मी वाटीतला पहिला घास त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान हलवली. "तू आधी."

मी खाल्लं. भात गोड लागला, साखरेसारखा. मग त्यांनी खाल्ला. मडमबाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि डोळे पुसत दुसऱ्या खाटेकडं गेली.

"काय म्हणती ती?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोघींचा उपास सुटला म्हणती," मी सांगितलं. खरं तर मला कळलं नव्हतं.

घरी जाताना गाडीत मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून होते. दोन्ही बाजूंनी जवारी उभी होती, ऊन पिवळं झालं होतं. तापानं केस गळत होते. त्या बोटांनी हळूहळू गुंता सोडवत होत्या आणि हातात आलेले केस वाऱ्यावर सोडून देत होत्या.

"केस परत येतेन," त्या म्हणाल्या.

"अन् न्हाई आले तर?"

"न्हाई तर न्हाई. पडून राह्य गुमान."