रुसलेलं पाणी

चासिब मास्तर नासिरिया शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि इंग्रजी येतं म्हणून लोक त्याला शहाणा समजतात. आमच्याकडे हा गैरसमज फार जुना आहे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, परदेशी पाहुणा काय म्हणतोय, कुणाच्या मोबाइलवर कसला संदेश आलाय, काहीही अडलं की चासिबला बोलावणं जातं. तोही कामं टाकून जातो. नाही म्हणायची त्याला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर दोन माणसांच्या मध्ये बसून दोघांनाही आपल्या तोंडाकडे बघायला लावणं त्याला आवडतं.

तो जन्मला पाणथळीत, बोरूच्या घरात. लहान होता तेव्हाच सरकारने नद्यांना बांध घातले आणि बघता बघता सगळ्या पाणथळीला भेगा पडल्या. माणसं मिळेल त्या ट्रकने बाहेर पडली. चासिबचा बाप वीटभट्टीवर खपला. आई तिथेच विटा वाहत राहिली. तिचं नाव तिस्वाहिन, म्हणजे एकटी सगळ्या बायकांच्या तोडीची, आणि बाईने नावाला कधी कमीपणा आणला नाही. पुढे ते सरकार पडलं, लोकांनी फावडी घेऊन बांध फोडले आणि पाणी परत आलं. त्याच्या मागोमाग तिस्वाहिनही म्हशी घेऊन परत गेली. चासिब शहरात राहिला, शिकला, मास्तर झाला.

आता पाणी पुन्हा चाललंय. या वेळी फोडायला बांधही नाही. वरून नदीच कमी येते, पाऊस तोंड दाखवत नाही, आणि जे काही उरलंय ते खारट. तिस्वाहिनच्या दोन म्हशी आंधळ्या होऊन मेल्या. तिचे स्वतःचे पाय सुजून मडक्यासारखे झाले. डॉक्टर म्हणाला मूत्रपिंडं थकलीत, बाईंना शहरात आणा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगत नाही. चासिबने घरातली एक खोली रिकामी केली, बायकोने ती रंगवून घेतली. तिस्वाहिन आली, खोलीचं कौतुक केलं, जेवली आणि संध्याकाळी म्हशींची धार काढायला परत गेली.

म्हणून ब्रिजेटबाई आल्या तेव्हा चासिबला वाटलं, देवानेच गाडी धाडली. बाई एका परदेशी संस्थेच्या. वस्तीवस्तीला जायचं आणि तिथल्या लोकांनाच विचारायचं की पाणी परत येईल असं वाटतं का. नाही म्हटलं तर शहराजवळ घरं आणि म्हशींची किंमत. हो म्हटलं तर उन्हाळाभर चारा आणि पाण्याचे टँकर. दोन्ही देण्याइतकं संस्थेकडे नव्हतं, आणि लोकांच्या तोंडच्या शब्दापलीकडे बाई काही मानत नव्हत्या. दुभाषा चासिब. चिबायिश गावाच्या पुढचा धुळीचा रस्ता लागला तेव्हाच त्याने बाईंना सांगायचा शब्द ठरवून टाकला होता.

वस्तीवरची माणसं तिस्वाहिनच्याच घरात जमली. बाई चटईवर मांडी घालून बसल्या, चासिब चहाचे पेले भरायला बसला. ब्रिजेटबाईंनी प्रश्न विचारला, चासिबने तो सांगितला, आणि हाजी मदलूल, वस्तीचा म्हातारा, म्हणाला की तिस्वाहिनला विचारा, इथे तिच्याएवढं कोणी सोसलं नाही, ती म्हणेल तेच आमचं.

तिस्वाहिनने अबाया सावरला. "पाणी रुसलंय," ती म्हणाली. "रुसून माहेरी गेलंय. मागे एकदा गेलं होतं, तेव्हा जाऊन आणलं. आता कुणी आणायला जात नाही, सगळे आपापली बोचकी बांधतायत. घरात माणूसच उरलं नाही तर ते परत येऊन करणार काय? मी आहे इथे. सांगा तिला."

चासिबने बाईंकडे बघितलं. "शी सेज, इट इज गॉन," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. कायमचं का, त्यांनी हलकेच विचारलं. चासिबने होकाराची मान हलवली. बाईंनी मांडीवरच्या टॅबलेटच्या नकाशात त्या वस्तीवर बोट ठेवलं आणि तिचा रंग लाल झाला, म्हणजे हलवायची वस्ती.

"मी एवढं बोलले," तिस्वाहिन म्हणाली, "आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"इंग्रजीत तेवढंच असतं, आई."

"मग तिचा चेहरा का पडला? कुणी रुसल्याचं ऐकून असा चेहरा पडत नाही. मेल्याचं ऐकून पडतो."

चासिबने उत्तर म्हणून चहाचा पेला तिच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि तोंडाला न लावता त्याच्यासमोर चटईवर ठेवला.

आमच्याकडे मुलीला मागणी घालायला किंवा रुसून गेलेल्या सुनेला आणायला माणसं जातात, तेव्हा समोर आलेला पेला असाच खाली ठेवतात. यजमान 'प्या, काम झालं' म्हणेपर्यंत पीत नाहीत. पण ते परक्याच्या दारात. स्वतःच्या घरात पोटच्या पोरासमोर पेला ठेवलेला आजवर कुणी बघितला नव्हता. हाजी मदलूलचा पेला ओठांपर्यंत गेला होता, तो त्याने खाली आणला. मग शेजारच्याने, मग सगळ्यांनीच. ब्रिजेटबाईंना कळलं काहीच नाही, पण त्यांनीही आपला पेला खाली ठेवला. बाहेर एक म्हैस फुरफुरत होती.

चासिबला संताप आला. चारचौघांत आईने त्याला कोपऱ्यात गाठलं होतं.

"तुझे पाय बघ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाला ते तुला माहीत आहे. इथे राहिलीस तर मरशील तू."

"पाय माझे आहेत. शब्दही माझा होता, तो तू बदललास."

"तुझ्यासाठीच बदलला."

"मरायचं तेव्हा मरेन," ती म्हणाली. "पण पाणी जिवंत असताना मला त्याच्या मयताला बसवू नकोस, पोरा."

चासिब मनातल्या मनात दुसरा शब्द शोधू लागला. समोरचा चहा निवत होता. रुसण्याला इंग्रजीत शब्द आहे, पण तो ऐकून बाईंना हसू आलं असतं. 'लॉस्ट' म्हणावं तर आपणच कुठेतरी पाडून आल्यासारखं. 'मिसिंग' म्हणावं तर पोलिसांनी शोधावं असं. एकेक शब्द तो उचलून बघत होता आणि खाली ठेवत होता, आणि प्रत्येक खेपेला त्याला ती रंगवलेली खोली आठवत होती. एवढी वर्षं मुलांना शब्द पाठ करायला लावले, पण एकेका शब्दाची अशी धास्ती त्याला कधी वाटली नव्हती.

शेवटी तो बाईंकडे वळला. मी चुकीचं सांगितलं, तो म्हणाला, आईचं न सांगता माझ्या मनातलं सांगितलं. "द वॉटर इज अ‍ॅबसेंट."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा त्याने मास्तरकीतलंच समजावलं. वर्गातलं पोर महिनाभर आलं नाही तरी मी त्याचं नाव खोडत नाही. रोज पुकारतो. ते येतं तेव्हा त्याच्याच जागेवर बसतं. माझी आई म्हणते, जागा धरून ठेवायला मी इथे आहे.

आता शहराजवळची इथल्यांची घरं दुसऱ्या वस्तीला जातील, बाई म्हणाल्या, आणि परत मागता येणार नाहीत. हे तुला कळतंय ना?

कळतंय, चासिब म्हणाला. बाईंनी पुन्हा नकाशावर बोट ठेवलं, आणि लाल रंग गेला.

पेले तसेच होते. सगळे चासिबकडे बघत होते, कारण यजमानाचे ते शब्द बोलायचं आता फक्त त्याच्याकडे होतं.

"पी, आई," तो म्हणाला. "तुझं काम झालं."

तिस्वाहिनने गार झालेला चहा तळापर्यंत प्यायला. मग भिंतीला हात लावून ती उठली, उठताना तिच्या तोंडातून बारीक कण्हणं निघालं आणि चासिबचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो धरला, उभी राहिली आणि मग सोडला.

"तोंड असं पाडू नकोस," ती म्हणाली. "मी काही तुझ्यावर रुसलेली नाही."

रुसली असती तर बरं झालं असतं. चार माणसं घेऊन तो आला असता, पेला खाली ठेवला असता आणि तिला घेऊन गेला असता. न रुसलेल्या माणसाला न्यायला काय म्हणून यायचं, हे त्याला कळेना.